हिकरी ओढ्यावरचा डावखुरा

एप्रिलचा पूर ओसरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हर्लिन टॅकेटने ठरवलं, की आज कॉफी न घेताच ओढ्यावर जायचं. ठरवलं ते एवढंच. बायकोला न विचारता घेतलेले निर्णय माणसाला कुठवर नेतात, याची उदाहरणं मिझुरीच्या त्या डोंगराळ भागात घरोघरी सापडतील. पण व्हर्लिनचं उदाहरण बाकीच्या सगळ्यांना पुरून उरलं.

घाईला कारण होतं. पूर आला की हिकरी ओढा वळणावरच्या गोट्यांचा पट्टा पार खालीवर करून टाकतो आणि हजारो वर्षं दडलेली, जुन्या शिकाऱ्यांच्या बाणांची दगडी टोकं वर येतात. ज्याचं पाऊल पहिलं, त्याचं टोक. आणि आदल्या दिवशी डॉइल पर्सेल पेट्रोलपंपावर अगदी सहज म्हणाला होता, "उद्या तुझ्या पट्ट्यावर एक चक्कर मारीन म्हणतो." त्यानंतर व्हर्लिनला झोप कुठली लागायला!

या डॉइलची गंमत सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी त्याला एका नव्याच प्रकारचं टोक सापडलं आणि टोकं जमवणाऱ्यांच्या मंडळाने त्या प्रकाराला 'पर्सेल टोक' असं नाव दिलं. तेव्हापासून हा गृहस्थ जेवताना मीठ मागायचं असलं, तरी पर्सेल टोकावरून वळसा घालून मिठापर्यंत यायचा.

खरं तर अभ्यास व्हर्लिनचा मोठा. काउंटीच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं खडी सपाट करणारं यंत्र चालवून तो निवृत्त झाला होता आणि खाली बघण्याची सवय मानेला कायमची लागली होती. घरात चौदाशे टोकं काचेच्या चौकटींत लावलेली. (त्यांपैकी साठ न्हाणीघरात. ओलेटाने तिथे आरसा मागितला होता.) दर वर्षी जूनमध्ये चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरे, तेव्हा 'ओळखून मिळेल' अशी पाटी लावून व्हर्लिन टेबलामागे बसे. माणसं रुमालात बांधून दगड आणत. हा दगड उलटसुलट करी, उजेडाला धरी, जिभेने चाटून बघी आणि निकाल देई, "तीन हजार वर्षं. हरणाच्या शिकारीचं." किंवा, "हा दगड आहे. घरी न्या." त्यावर अपील नसे.

पण त्याच्या नावाचं टोक नव्हतं. मरण्यापूर्वी एकदा 'टॅकेट टोक' असं छापलेलं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती आता वयाबरोबर दुखायला लागली होती.

तर त्या पहाटे तो उठला. स्वयंपाकघर रिकामं होतं. ओलेटा नेहमीच पाचला उठून कोंबड्यांकडे जायची. खुराडं ओढ्याच्या वरच्या अंगाला, घरापासून बरंच लांब. व्हर्लिन सातला उठून ओसरीतून "ओलेटा, कॉफी!" अशी आरोळी ठोके आणि ती येई. एकतीस वर्षांचा शिरस्ता. आज तो आरोळी न ठोकताच ग्रेव्ही नावाच्या आपल्या कुत्र्याला घेऊन निघाला.

ओढ्यावर धुकं इतकं दाट होतं, की स्वतःचे बूट दिसेनात. तो पट्ट्यावर वाकला, आणि वरच्या अंगाने आवाज आला.

टक्. टक् टक्. टक्.

व्हर्लिनचा हात गोट्यांतच थांबला. हा आवाज तो ओळखत होता. जत्रेत एक माणूस हरणाच्या शिंगाने गारगोटीच्या कपच्या उडवून टोकं घडवून दाखवी, त्याचा हाच आवाज. पण जत्रा सप्टेंबरात, आणि धुक्यात कोण मरायला येऊन बसणार? त्याने ग्रेव्हीकडे पाहिलं. कुत्रं गुरगुरलं असतं, तर बरं वाटलं असतं. ग्रेव्ही धुक्याकडे बघून शेपूट हलवत होतं.

"कोण आहे?" व्हर्लिन ओरडला. (ओरडला असं त्याचं म्हणणं. मी धरून चालतो की पुटपुटला.)

आवाज थांबला. ओढासुद्धा जरा हळू वाहतोय असं वाटलं. मग, हातातलं काम पुरं करून उठावं तसा, शेवटचा एकच आवाज आला. टक्.

व्हर्लिनने मान खाली घातली, आणि बुटाजवळच टोक पडलेलं दिसलं. तंबाखूसारखा गडद तपकिरी रंग. असा डाग दगडाला चढायला ओढ्याच्या पाण्यात हजारो वर्षं जावी लागतात. आकार कुठल्याच पुस्तकात नसलेला, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. त्याने चाटून पाहिलं. जीभ कडू झाली. सहा हजार वर्षांची चव काय गोड असणार, असं म्हणून त्याने ते खिशात टाकलं.

नाश्त्याला ओलेटा म्हणाली, "लवकर उठलास?"

"झोप लागेना."

"कुठे गेला होतास?"

"असाच पाय मोकळे करायला. तुझ्या बोटाला काय झालं?"

"कोंबडीने टोचलं."

टॅकेटांच्या कोंबड्या फार हिंस्र होत्या. गेल्या दोन वर्षांत असा आठवडा गेला नव्हता, की ओलेटाच्या एखाद्या बोटाला पट्टी नाही. व्हर्लिनला त्यात कधीच काही वावगं वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष सहा हजार वर्षांपूर्वीच्या बोटांकडे होतं.

पुढचे सहा आठवडे तो रोज पहाटे जात राहिला. पाऊस पडून ओढा जरा चढला, की दुसऱ्या दिवशी नवं टोक हजर. तोच रंग, तोच उतरलेला खांदा. आणि धुक्यात तीच टकटक. एकदा त्याच्याबरोबर गुणगुणणंही आलं, बिनसुराचं, खालच्या आवाजातलं. आयुष्यभर आपण दुसऱ्याच्या हातच्या वस्तू खिशात घालून घरी आणल्या, न्हाणीघरात टांगल्या, आणि मालकाला कधी विचारलंसुद्धा नाही, हे त्याला पहिल्यांदाच सुचलं. आता मालक आला होता. मोजून घ्यायलाच आला असेल, तर चौदाशे टोकं परत कशी करायची?

चौथ्या आठवड्यात तो धीर करून आवाजाच्या दिशेने दहा पावलं गेला. अकरावं पाऊल काही पडेना. ग्रेव्ही मात्र आनंदाने धुक्यात शिरलं. टकटक थांबली. व्हर्लिनने डोळे मिटले आणि कुत्र्याच्या नावाने आठवतील तेवढ्या प्रार्थना म्हटल्या. दोन मिनिटांनी ग्रेव्ही परलोकातून मिशा चाटत परत आलं.

म्हणजे पलीकडच्याला खाणं-पिणं कळतं, असा व्हर्लिनने निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी त्याने ओलेटाच्या नकळत निळ्या काठाच्या ताटलीत मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ घेतली, पट्ट्यावरच्या मोठ्या दगडावर ठेवली, टोपी काढली आणि म्हणाला, "हे बघ, माझ्या मनात काही वाईट नाही. जमेल तेवढं खा."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला, तर पाव नाही, उसळ नाही. ताटली लख्ख धुतलेली आणि दगडावर पालथी घातलेली.

व्हर्लिन तिथेच गोट्यांवर बसला. कोल्ह्याने खाल्लं असतं, तर समजण्यासारखं होतं. पण कोल्हा भांडी घासत नाही. सहा हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस धुक्यातून आला, जेवला, ताटली विसळून पाणी निथळायला पालथी घालून गेला. त्या पालथ्या ताटलीइतकी भीती व्हर्लिनला जन्मात कशाची वाटली नव्हती. (आणि थोडी शरमही. स्वतःचं ताट विसळणं त्याला एकतीस वर्षांत जमलं नव्हतं.)

जून उजाडला, प्रदर्शन आलं. व्हर्लिनकडे अकरा टोकं जमली होती. मंडळाचा नियम असा, की नव्या प्रकाराला नाव हवं असेल, तर शोधणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून घडवणाऱ्याचा हात ओळखून दाखवायचा. पटलं तर सभासद हात वर करतात. मंडळाचा अध्यक्ष कोण, तर डॉइल पर्सेल.

सकाळी अकराला व्हर्लिन हॉलमध्ये उभा राहिला. शंभरेक माणसं होती. ओलेटा बायकांबरोबर कॉफी वाटत होती. बाहेर पाऊस लागला होता आणि हॉलमध्ये दिवे लावावे लागले होते.

"पहिली गोष्ट," व्हर्लिन म्हणाला, "हा गडी डावखुरा होता. कपच्या बघा, सगळ्या उलट्या अंगाने उडवल्यात."

डॉइलची बायको मॅक्सीन ओलेटाकडून कॉफी घेत होती. तिने किटलीकडे पाहिलं. किटली ओलेटाच्या डाव्या हातात होती.

"दुसरी गोष्ट. दगड धरायच्या हाताचा, म्हणजे उजव्या हाताचा, अंगठा मोडून वाकडा जुळलेला. पकड सरकते, म्हणून एक खांदा दर वेळी खाली."

आता मॅक्सीनने ओलेटाच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी तो ट्रकच्या दारात सापडला होता. दार व्हर्लिननेच लावलं होतं. मॅक्सीनने शेजारणीला कोपर मारलं, शेजारणीने तिच्या शेजारणीला, आणि ते कोपर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"तिसरी. माणूस तापट. काम बघा, शेवटच्या घडीपर्यंत देखणं, आणि मग एकच वेडावाकडा घाव! अकराच्या अकरा टोकांवर. असं का व्हावं?"

"का व्हावं?" डॉइलने विचारलं. हसू दाबून त्याचा आवाज बारीक झाला होता.

"कारण दर वेळी नेमक्या त्याच घटकेला त्याला कुणीतरी हाक मारतंय. काहीतरी गिळायला मागत असणार. असतो ना प्रत्येक घरात असा एखादा ऐतखाऊ, स्वतःचं काही हलवायचं नाही आणि बसल्या जागेवरून आरोळ्या ठोकायच्या!"

हॉलमध्ये हसू फुटलं. व्हर्लिनला राग आला.

"हसू नका. माझ्या तर डोळ्यांसमोर उभा आहे तो ऐतखाऊ."

"आमच्याही," मॅक्सीन म्हणाली.

मग व्हर्लिनने धुक्याबद्दल सांगितलं. टकटक, ते गुणगुणणं, कुत्र्याची शेपटी, पालथी ताटली. सांगताना त्याचाच आवाज खाली आला आणि हॉल गप्प होत गेला. हसणारेही खिडक्यांकडे बघायला लागले. बाहेर पावसात ओढ्याकडचं काही दिसत नव्हतं.

"ही टोकं शिकारीची नाहीत," तो म्हणाला. "एकही काठीला बांधलेलं नाही. त्याने ती नुसती आवडीपायी केली. फसली की टाकली, पुन्हा केली. आणि मला वाटतं, त्याला दाखवायला कुणी नव्हतं. घरात माणूस होतं, पण दाखवण्यासारखं नव्हतं. म्हणून तो अजून येतो. कुणीतरी हातात घेऊन 'बरं जमलंय' म्हणावं, एवढ्यासाठी येतो."

बोलताना त्याने एक टोक तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने अलगद पुसलं.

ओलेटाने किटली टेबलावर ठेवली.

"मग म्हण की," ती म्हणाली.

"काय?"

"बरं जमलंय म्हण."

"ओलेटा, मध्ये बोलू नकोस. मी त्या माणसाबद्दल—"

"आणि निळ्या काठाची ताटली माझ्या आईची आहे. डॉक्टरांनी घेवडा बंद केला, म्हणून तू चोरून तिथे जाऊन खातोस असं वाटलं मला. ते खाणं दिलं ग्रेव्हीला आणि तुला कळावं म्हणून ताटली धुऊन तिथेच ठेवली. पुन्हा गोट्यांवर नेलीस, तर बघ."

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं ते सांगायला नको. डॉइल पर्सेल हसता हसता खुर्चीवरून घसरला, आणि 'ओळखून मिळेल' ही पाटी कुणीतरी हळूच उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. ते मात्र व्हर्लिनने पाहिलं. तीस वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी हसलं नव्हतं. त्याने अकरा दगड रुमालात बांधले.

दोघं घरी आले. ओलेटा खुराड्याकडून अंड्यांचे पुठ्ठ्याचे तीन खोके घेऊन आली आणि तिने ते स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडले. प्रत्येक खळग्यात एक टोक. पांढरी, गुलाबी, मधाच्या रंगाची. व्हर्लिनने चौदाशे टोकं पाहिली होती, पण इतकी सुंदर त्यांत फार थोडी होती. प्रत्येकाच्या बुडाशी 'ओ' कोरलेला, नव्याची जुन्यात भेसळ होऊ नये म्हणून प्रामाणिक कारागीर कोरतात तसा.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सांगितलं होतं. मलाही करून बघायचंय म्हटलं. तू म्हणालास, बायकांच्या हाताला तेवढा जोर नसतो."

व्हर्लिन खाली बघू लागला. ती सवय होतीच.

"पण मग हा रंग? ओढ्यात हजारो वर्षं राहिल्याशिवाय—"

"खुराड्यामागचं अक्रोडाच्या सालींचं पिंप. शरद ऋतूत साली सोलून कोण टाकतं त्यात? तू तर कधी फिरकला नाहीस तिकडे. फसलेली मी त्या काळ्या पाण्यात फेकायची. पुराने पिंप आडवं केलं, आणि दर पावसात एखादं वाहत तुझ्या पट्ट्यावर आलं."

"निदान त्यांच्यावरही 'ओ' घालायचास! माझी शोभा तरी झाली नसती."

"फसलेल्या कामावर कोण आपलं नाव घालतं?" ओलेटा म्हणाली. "तूच निघालास तुझं घालायला."

ओलेटाने मोरीतल्या घमेल्यात गरम पाणी ओतलं, कपडे पांढरे करायचं ब्लीच टाकलं आणि अकरा टोकं त्यात सोडली. पाणी बघता बघता गढूळ तपकिरी झालं. अर्ध्या तासाने ती एकेक काढून फडक्यावर मांडू लागली. पांढरं. पांढरं. गुलाबीसर पांढरं. दहा झाली.

अकरावं तपकिरीच होतं.

तिने ते पुन्हा पाण्यात बुडवलं, तारेच्या घासणीने घासलं. रंग हलला नाही. कडेवरून बोट फिरवलं. तिच्या टोकांच्या कडा अजून बोट कापत होत्या. याच्या कडा पाण्याने झिजून गोल झाल्या होत्या.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"नीट बघ. तोच खांदा आहे खाली."

"बघते आहे. हा आकार कुठल्या पुस्तकात नाही, व्हर्लिन. माझ्या अंगठ्यामुळे तो तसा होतो." तिने टोक उजव्या हातात धरलं. वाकडा अंगठा बुडाजवळच्या खळग्यात अलगद बसला, जणू तो खळगा माप घेऊन केला होता. ओलेटाने ते पटकन टेबलावर ठेवलं आणि हात झग्याला पुसला.

पाऊस थांबला होता. खिडकीबाहेर ओढ्यावर पुन्हा धुकं चढत होतं. दोघंही तिकडे बघत राहिले.

"शेवटचा घाव चुकलाय," व्हर्लिन हळूच म्हणाला. "इतरांसारखाच."

"हिलाही कुणीतरी हाक मारली असणार."

"हिला?"

"मग काय त्याला?" ओलेटा म्हणाली.

कॉफीची वेळ झाली होती. व्हर्लिन उठला, त्याने स्वतः कॉफी केली आणि दोन कप भरले. ती फार वाईट झाली होती, पण ओलेटा प्यायली. मग त्याच्या मनात उजेड पडला. एक तर खरं आहे! आकार नवा, वय खरं, पुस्तकात कुठे नाही! त्याने धावत जाऊन डॉइलला फोन लावला.

"डॉइल, त्यातलं एक खरं आहे."

"व्हर्लिन, गड्या, सकाळी तू अकरा खरी म्हणाला होतास."

"हे खरंच खरं आहे रे!"

"असं कोण म्हणतं?"

व्हर्लिनने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "ओलेटा."

"ओलेटा म्हणते? मग आधी नाही का सांगायचं! दे तिला फोन."

ओलेटा पाच मिनिटं बोलली. कडा, खळगा, ब्लीच, सगळं सांगितलं. दोनदा हसली. मग फोन ठेवून आली आणि कप विसळायला लागली.

"काय म्हणाला?" व्हर्लिन दाराला धरून उभा होता.

"काचेच्या पेटीत मधोमध ठेवणार म्हणाला. सभासद हात वर करतीलच म्हणे. नाव ठरलं. टॅकेट टोक."

व्हर्लिन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. इतकी वर्षं वाट पाहिलेली दोन शब्दांची जोडी त्याने तीन वेळा मनाशी म्हटली. मग एकदम आठवण झाली.

"आणि खाली? चिठ्ठीवर खाली लिहितात ना, कुणाला सापडलं ते. डॉइलचं तर मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"हो, विचारलं त्याने. पण चिठ्ठी केवढीशी असते! ओळखणारीचं नाव लिहून फारशी जागाच उरत नव्हती."

"मग?"

"मग मी सांगितलं," ओलेटा कप पालथा घालत म्हणाली, "'नवऱ्याला सापडलं' एवढं लिहिलं तरी पुरे."